सातारा-सांगलीकडच्या लिहित्या मंडळींसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संमेलनाच्या मांडवात, वाचनालयाच्या पायरीवर, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर येणाऱ्या फोनवर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजातली मुलं असतात, निवृत्त गुरुजी असतात, द्राक्षबाग सांभाळून कविता करणारे असतात. एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून हा प्रपंच. तारखा, शुल्क आणि अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करा.

मी नुकताच लिहायला लागलोय. ओळखीचं कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयातून. ग्रंथपालाशी ओळख करून घ्या. कुठल्या गावात व्याख्यानमाला आहे, कोण पाहुणा येतोय, कुणाच्या घरी महिन्यातून एकदा चारजण बसून कविता वाचतात, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाचा ग्रंथोत्सव दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात होतो. साताऱ्याचा जिल्हा ग्रंथमहोत्सव तर चांगलाच नावाजलेला. पहिल्या वर्षी तिथं नुसतं ऐकायला जा. वही न्या, पण ती टिपणं घ्यायला. स्वतःच्या कवितांची वही पिशवीतच राहू दे.

आणि वाचा. ‘दुसऱ्याचं वाचलं की माझ्यावर प्रभाव पडेल’ असं सांगणारे कवी दर संमेलनात भेटतात. त्यांच्या कविता ऐकल्या की कळतं, प्रभाव पडला असता तर बरं झालं असतं.

पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय लेखक म्हणून नाव होत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. प्रकाशक, मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आणि बहुतेक दिवाळी अंक तिकडे आहेत, हे मान्य केलं पाहिजे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला गेले, माणदेशातले माडगूळकर बंधू पुण्यात स्थिरावले. पण त्यांनी लिहिलं काय, ते बघा. वारणेचं खोरं आणि माणदेशची उघडी माळरानं सोबत नेली, म्हणून त्यांना लिहायला काहीतरी होतं.

उलटा प्रवासही झालाय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तीन मासिकं निघायची ती किर्लोस्करवाडीहून, म्हणजे आजच्या पलूस तालुक्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून. अख्ख्या महाराष्ट्रातले लेखक आपलं लेखन टपालानं तिकडे पाठवायचे. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलं, पहिला खंड १९७६ साली आला. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण १८४३ पासून मोजतो, ती विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या प्रयोगामुळे. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि वि. स. खांडेकर सांगलीतच जन्मले.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नवनाथ गोरे घ्या. जत तालुक्यातल्या दुष्काळी पट्ट्यातला हा तरुण. त्याच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पुरस्कारानं पोटाचा प्रश्न सुटत नाही, हेही पुढे टाळेबंदीत त्याच्यावर मजुरीची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी वाचलं. म्हणून सांगतो, नोकरी, शेती, दुकान, जे काही आहे ते सोडून ‘पूर्णवेळ लेखक’ व्हायला निघू नका.

औदुंबरच्या संमेलनाबद्दल फार ऐकलंय. तिथं कुणीही जाऊ शकतं का?

जाऊ शकतं, आणि एकदा तरी जावंच. सदानंद साहित्य मंडळाचं हे संमेलन दरवर्षी मकर संक्रांतीला भरतं, स्वातंत्र्याच्या आधीपासून. कवी सुधांशु औदुंबरचेच. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लावलेलं हे रोप. मोठमोठी माणसं अध्यक्ष म्हणून येऊन गेली, पण गावानं त्याचा इव्हेंट होऊ दिला नाही.

रेल्वेनं आलात तर भिलवडी स्टेशन जवळ पडतं. सांगलीहून एसटी आहे. दत्ताचं देऊळ, खाली कृष्णेचा घाट. संक्रांत असल्यानं दर्शनाला आलेली गर्दी आणि साहित्याला आलेली गर्दी एकमेकांत मिसळून जाते. नवी साडी नेसून ओवसायला निघालेल्या बायका दोन मिनिटं थांबून भाषण ऐकतात, पटलं तर बसतात, नाहीतर चालू लागतात. व्यासपीठावरून बोलणाऱ्याला याहून प्रामाणिक श्रोता मिळणार नाही. पुढे बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यानं मान हलवली, तर तुमची ओळ पोचली असं समजा. तिळगूळ घेऊन कोण कुणाशी बोलतंय तिकडे लक्ष ठेवा. आपल्या भागातल्या निम्म्या साहित्यिक ओळखी तिथंच झालेल्या असतात.

कविता वाचायची असेल तर आधी मंडळाशी संपर्क करा. ऐनवेळी चिठ्ठी पाठवून नंबर लावायचा हट्ट धरू नका. वेळ कमी असतो आणि कवी उदंड.

अखिल भारतीय साहित्य संमेलनात नव्या कवीला वाचायला मिळतं का?

मिळतं, पण कुठं ते समजून घ्या. मुख्य मांडवातलं कविसंमेलन निमंत्रितांचं असतं, तिथं अर्ज करून जाता येत नाही. नव्यांसाठी कविकट्टा असतो, अलीकडे गझलकट्टाही असतो. संमेलनाच्या काही महिने आधी आवाहन निघतं, कविता मागवतात, त्यातून निवड होते. निवड झाली की दिवस आणि वेळ कळवतात.

कविकट्ट्यावर दुपारी दोनला काय चालतं, ते आधीच सांगून ठेवतो. सूत्रसंचालक दर कवीला बजावतो, ‘एकच कविता, प्रस्तावना नको.’ तरी कवी माईक हातात घेऊन सांगतो, ‘ही कविता मला कशी सुचली ते थोडक्यात...’ आणि त्यातच तीन मिनिटं जातात. मागे सत्तरजण खोळंबलेले. समोरच्या खुर्च्यांत बसलेले बहुतेक स्वतःच कवी, आपला नंबर कधी येतो याकडे डोळे लावून. आपली कविता झाली की फोटो काढायचा आणि उठायचं. तुम्ही तेवढं करू नका. निदान अर्धा तास बसा. आयोजकांच्या लक्षात राहतात ते थांबणारे.

आपल्या दोन जिल्ह्यांना या संमेलनाचं नवल नाही. साताऱ्यात ते १९०५, १९६२ आणि १९९३ साली भरलं. मग जानेवारी २०२६ मध्ये ९९ वं संमेलन विश्वास पाटलांच्या अध्यक्षतेखाली शाहू स्टेडियमवर झालं. सांगलीत १९४३ आणि २००८, कराडला १९७५ आणि २००३. कराडचं १९७५ चं संमेलन आणीबाणीतलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. केंद्रातला मंत्री समोर बसलेला असताना दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सभेला सांगितलं. महाबळेश्वरचं २००९ चं संमेलन तर अध्यक्षाविनाच पार पडलं, कारण आनंद यादवांनी आधीच राजीनामा दिला होता. संमेलनात नुसता मानपान असतो म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

छोट्या संमेलनांची निमंत्रणं काहींनाच कशी येतात?

कारण ते दिसतात. बाकीचे निमंत्रण आलं तरच जातात. कंपूबाजी आहे, नाही असं नाही. पण तीन वर्षं नियमित श्रोता म्हणून येणाऱ्याला डावलणं कंपूलाही जड जातं.

महाराष्ट्र साहित्य परिषदेचं सभासद व्हावं का? त्यानं पुस्तक छापून मिळतं का?

छापून मिळत नाही. तसं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. परिषद १९०६ साली पुण्यात स्थापन झाली. साताऱ्यात, शाहूपुरीत, कराडला, सांगलीकडे तिच्या शाखा आहेत. शाखा जिवंत असेल तर वर्षभर कार्यक्रम होतात, पाहुणे येतात, पुस्तकांवर चर्चा होते. शाखा झोपलेली असेल तर तुम्हीच दोन उत्साही माणसं गोळा करून तिला उठवू शकता. साताऱ्याचं ९९ वं संमेलन शाहूपुरी शाखेनं पुढाकार घेऊन खेचून आणलं, हे ध्यानात असू द्या. आजीव सभासद झालात तर परिषदेच्या निवडणुकीत मत असतं. निवडणुकीच्या दिवसांत तुमचा फोन बराच वाजेल, तेवढी तयारी ठेवा.

कोल्हापूरच्या दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेकडेही लक्ष असू द्या. या भागातल्या लेखकांच्या पुस्तकांना ती पुरस्कार देते.

दिवाळी अंकाला कथा कधी पाठवायची?

गणपतीत पाठवली तर पुढच्या दिवाळीची वाट बघावी लागेल. अंकांची जुळवाजुळव मे-जूनपासून सुरू होते, जुलै संपेपर्यंत बहुतेकांची पानं ठरलेली असतात. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून संपादकाची घाई आणि लेखकाचा उशीर तसाच चालत आलाय.

पाठवताना काही साध्या गोष्टी पाळा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. मोबाइलवर काढलेले वहीच्या पानांचे फोटो कुणी वाचत नाही. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांचा चिवडा होतो. कथेच्या वर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे, त्यात स्वतःच्या पुरस्कारांची यादी नको. आणि पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे एक-दोन अंक वाचा. विनोदी अंकाला शेतकरी आत्महत्येवरची कथा जाते आणि मग लेखक म्हणतो, ‘गावाकडच्यांना कुणी विचारत नाही.’

आपल्याकडचे स्थानिक अंकही कमी लेखू नका. सांगली, सातारा, कराड, इस्लामपूर इथून निघणारे लहान अंक जाहिरातींवर कसेबसे चालतात, पण त्यांचा संपादक तुमची कथा स्वतः वाचतो. कधीकधी फोन करून ‘शेवट आधी करा’ असंही सांगतो. एवढं करणारा संपादक मोठ्या अंकात नशिबानंच भेटतो.

एकच कविता चार ठिकाणी पाठवली तर चालेल?

नाही. दोन ठिकाणी छापून आली की दोन्ही संपादक कायमचे दुरावतात. दोन-तीन महिने थांबा, विचारणा करा, नकार आला किंवा उत्तरच नाही आलं, तर तसं कळवून दुसरीकडे पाठवा.

मानधन मिळतं का?

मोठे अंक आणि काही वृत्तपत्रं देतात. लहान अंक एक प्रत पाठवतात, तीही आठवण करून द्यावी लागते. कार्यक्रमाला बोलावलं तर निदान प्रवासखर्चाचं आधीच विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. मांडववाल्याला, माईकवाल्याला आणि आचाऱ्याला पैसे मिळतात, मग कवीनंच शाल-श्रीफळावर का भागवायचं? शालींचा ढीग कपाटात पडून असतो आणि परतीच्या एसटीचं तिकीट खिशातून जातं.

आकाशवाणीवर कार्यक्रम कसा मिळतो?

सांगलीचं केंद्र आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साताऱ्यालाही केंद्र आहे. केंद्राला पत्र लिहा, काय लिहिता आणि कशावर बोलू शकाल ते सांगा, एक-दोन नमुने जोडा. बोलावणं आलं तर करारपत्र येतं, मजकूर आधी लिहून द्यावा लागतो आणि मानधनही मिळतं. रेडिओसाठी लिहिताना वाक्यं लहान ठेवा. घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. छापायला लिहिलेला ललित लेख माईकपुढे वाचताना दुसऱ्याच परिच्छेदात धाप लागते.

पहिला कवितासंग्रह काढायचाय. प्रकाशक पैसे मागतोय. द्यावेत का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कवितासंग्रह विकला जात नाही, त्यामुळे नव्या कवीचं पुस्तक स्वतःच्या पैशानं काढायला फार थोडे प्रकाशक तयार होतात. पैसे मागणं म्हणजे फसवणूक असं नाही. पैशाच्या बदल्यात काय मिळणार ते कागदावर नसणं, हे मात्र धोक्याचं. किती प्रती छापणार, तुम्हाला किती देणार, उरलेल्या कुठं ठेवणार, विक्रीतून तुम्हाला काय मिळणार, मुद्रितशोधन कोण करणार, मुखपृष्ठाचे पैसे यातच आहेत का, हे सगळं लिहून घ्या.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण तो माहीत हवा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. तोंडी ‘सगळे हक्क आमचे’ याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली की सही करायला घाई करू नका. एका आवृत्तीचे हक्क द्या. अनुवाद, नाटक, चित्रपट, ऑडिओ हे स्वतःकडे ठेवा. ‘माझ्या कवितांवर कोण सिनेमा काढणार’ असं म्हणून हसू नका. कवितेचं गाणं व्हायला वेळ लागत नाही.

छपाईचं गणितही थोडं समजून घ्या. डेमी या नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचा एक फर्मा, म्हणजे एका छापील कागदाची घडी, १६ पानांचा. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे. तुमच्या कविता ९९ पानांत बसत असतील तर तीन पानांच्या कविता काढा. पुस्तकही सुधारेल. शिवाय ‘दोन शब्द’, ‘मनोगत’, ‘ऋणनिर्देश’ आणि तिघांच्या प्रस्तावना यांत दीड फर्मा घालवू नका. पाठराखण, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर, एकाचीच पुरे, आणि तीही ज्यानं संग्रह वाचलाय त्याची.

स्वतःच प्रकाशित करायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला शुल्क नाही. ‘आयएसबीएनचे इतके हजार’ म्हणून कुणी बिलात लावले तर विचारा, कशाचे? पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला ३० दिवसांत एक प्रत पाठवायची असते. कायद्यात आणखीही काही ग्रंथालयं नेमून दिली आहेत, मुंबईच्या एशियाटिकमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच. ही जबाबदारी प्रकाशकाची, म्हणजे घरचं प्रकाशन असेल तर तुमचीच.

आणि थोड्या प्रती छापा. पलंगाखालचे गठ्ठे वाळवीला आवडतात.

सरकारचं काही अनुदान आहे का?

आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्यासाठीच ती आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित, बालवाङ्मय अशा प्रकारांत हस्तलिखितं मागवतात. तज्ज्ञ वाचतात आणि निवडलेल्यांच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. पृष्ठसंख्येची मर्यादा काटेकोर असते. घाईघाईत घरचा संग्रह काढून बसलात तर ही वाट बंद होते. म्हणून पहिलं पुस्तक छापखान्यात देण्याआधी एकदा इथं पाठवून बघा. वेळ लागतो, पण कुणीतरी त्रयस्थानं तुमचं हस्तलिखित वाचणं हाच मोठा लाभ.

तीस वर्षांच्या आतल्यांसाठी नॅशनल बुक ट्रस्टमार्फत ‘पीएम-युवा’ योजना येते. निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक. विषय ते ठरवतात, आणि मराठीतही लिहिता येतं.

पुरस्कारांसाठी पुस्तक कुठं पाठवू?

राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षात निघालेल्या पुस्तकांसाठी असतात. जाहिरात साधारण वर्षाच्या शेवटी-सुरुवातीला येते, पुस्तकं जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येतात. त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. काव्यासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडशांच्या नावाचा, कथेसाठी ग. ल. ठोकळांच्या नावाचा. नव्या लेखकानं तिथं अर्ज करावा. थोरामोठ्यांशी सामना टळतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीला ३५ किंवा त्याहून कमी वय असलेल्यांसाठी, रक्कम ५०,००० रुपये.

आता दुसरी बाजू. ‘आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा संदेश तुम्हालाही येईल. शुल्क भरलं की फेटा, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि स्थानिक पेपरात चौकोनी फोटो. शंभरजणांना एकाच सकाळी ‘साहित्यरत्न’ करून दुपारी जेवायला घालतात. प्रातिनिधिक संग्रहांचंही तसंच, पानाचे पैसे भरा आणि पाच प्रती विकत घ्या. यात बेकायदा काही नसेलही. पण तुमची कविता कुणी वाचून निवडली का, एवढं विचारून बघा. उत्तर लगेच मिळतं.

माझी कविता दुसऱ्यानं स्वतःच्या नावानं व्हॉट्सअॅपवर फिरवलीय. काय करू?

लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. पुरावा मात्र जवळ हवा. स्वतःला ईमेल केलेली तारखेची प्रत किंवा छापलेला अंक जपून ठेवा. आधी त्या माणसाला शांतपणे लिहा. बहुतेक वेळा त्यालाही ती दुसऱ्याच कुणाच्या नावानं आलेली असते.

बोलीभाषेत लिहावं की प्रमाण मराठीत?

तुमची पात्रं बोलतात तसं लिहा. आटपाडी-माणकडचं बोलणं, जतकडचं कानडीच्या वळणाचं बोलणं, वाळव्याचं, पाटणच्या डोंगरातलं, यांत फरक आहे आणि तो कानाला ऐकू यायला हवा. पण जे घरात बोललं जात नाही ते ग्रामीण वाटावं म्हणून रचू नका. प्रत्येक वाक्यात ‘म्या’ आणि ‘व्हय’ पेरलं की गाव उभं राहत नाही. ज्यांना आजीचं बोलणं आठवतं त्यांनी ते शब्द वहीत उतरवून ठेवावेत. मळणी, मोट, मेंढरं, जात्यावरच्या ओव्या यांतले शब्द झपाट्यानं चाललेत.

नाटक लिहिलंय. कुणाला दाखवू?

सांगलीत हौशी नाट्यसंस्था आहेत, त्यांना नव्या संहितांची सदा गरज असते. राज्य हौशी नाट्यस्पर्धा नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे संहिता उन्हाळ्यातच हातात हवी. प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरवपदकाचा सोहळा असतो. नाटकवाल्यांच्या भेटीगाठींना तोच दिवस चांगला.

भिलारला लेखकानं जाऊन काय करायचं?

वाचायचं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीलाच सुमारे १५,००० पुस्तकं आणि २५ घरं-ठिकाणं होती. दारावरचा फलक बघायचा, आत जाऊन कपाटातलं पुस्तक काढायचं आणि बसायचं, पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या गर्दीत जाऊ नका, पावसाळा उतरताना आडवारी जा. सांगलीकरांसाठी तर औदुंबरशेजारचं अंकलखोपही या योजनेत आलंय.

संध्याकाळच्या कार्यक्रमांना आम्हा बायकांना थांबता येत नाही. मग काय?

ही तक्रार रास्त आहे. सहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू करायचा, मग दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक. कवितेची पाळी येईपर्यंत शेवटची एसटी गेलेली. आयोजकांना स्पष्ट सांगा की दुपारचं सत्र हवं. तेही जमत नसेल तर चौघीजणी मिळून घरी आळीपाळीनं बसा, महिन्यातून एकदा, एकेकीनं एकच लेखन वाचायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ‘छान’ न म्हणता काय खटकलं ते सांगायचं. सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांचा कवितासंग्रह १८५४ साली छापून आला, तेव्हा बाईनं शिकणंही गावाला खपत नव्हतं.

मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाला पाठवा. शाळांमध्ये १४ ते २८ जानेवारीचा भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असतो. मुख्याध्यापक त्या दिवसांत पाहुणे शोधत असतात. तो कार्यक्रम दिवसाउजेडी होतो, आणि आठवीतली पोरं कंटाळली की लगेच दाखवतात.

संमेलनात माझं पुस्तक विकायला ठेवता येईल का?

गाळा घ्यायचा तर भाडं एकट्याला परवडत नाही. तिघा-चौघांनी मिळून घ्या किंवा एखाद्या ओळखीच्या विक्रेत्याकडे दहा प्रती ठेवा. कमिशन किती ते आधी ठरवा, आणि प्रती दिल्याची पावती घ्या. सुट्टे पैसे, क्यूआर कोडचा पुठ्ठा आणि बिलबुक जवळ असू द्या, कारण वाचनालयवाल्यांना बिलाशिवाय पुस्तक घेता येत नाही. मित्रांना पुस्तकं फुकट वाटू नका. फुकट घेतलेलं पुस्तक ते वाचत नाहीत आणि विकत घेणाराही मग तुमच्याकडे फुकटच मागतो.